मागचा ड्रायव्हर

"डावीकडे घे. डावीकडे. माझा हात दिसत नाही का तुला?"

हात मागे होता, सुनेचे डोळे पुढे. पण सासऱ्यांची सगळी हयात बस चालवण्यात गेलेली, त्यामुळे वळण आलं की हात बाहेर काढल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते मागे जोडलेल्या दुसऱ्या सायकलवर बसले होते. त्यांच्यापुढे हँडल होतं, घंटी होती, मागच्या चाकाचा ब्रेकही होता, आणि खड्डा दिसला की ते ब्रेक न विसरता दाबत. नव्हतं ते फक्त पुढचं चाक. ते काढून तिथून एक लोखंडी दांडा थेट सुनेच्या सायकलच्या कॅरिअरला जोडला होता. एका पायात बळ न उरलेल्या बापाला व्यायाम व्हावा म्हणून मुलाने केलेली ही करामत. ओढायचं काम मात्र बायकोच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला होता.

आज डेपोत जुन्या मंडळींचं चहापाणी होतं. आजारपणानंतर सासरे पहिल्यांदाच तिथे निघाले होते, आणि फाटकातून आपण ओझं म्हणून आत जायचं नाही, हे त्यांनी सकाळपासून घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

"बाबा, थोडं पायडल मारता का?"

"मग करतोय काय मी? निम्मी गाडी मीच ओढतोय."

सुनेने पायडलवर आणखी जोर दिला. ते निम्मं तिच्या पोटऱ्यांपर्यंत अजून पोहोचलं नव्हतं.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर तिची चेन पडली. पायडल एकदम हलकं झालं, पाय नुसतेच गरगर फिरले. आता उतरावं लागणार, असं मनाशी म्हणत ती वेग कमी व्हायची वाट पाहू लागली. पण सायकल थांबेना. तिने मागे वळून पाहिलं. सासरे ओठ घट्ट मिटून चांगल्या पायाने पायडल खाली रेटत होते, दुसरा पाय कसाबसा त्याच्या मागून जात होता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"पुढे बघ. आणि जरा जोर लाव," ते धापा टाकत म्हणाले.

"लावते, बाबा."

ती फाटकापर्यंत रिकामं पायडल फिरवत राहिली. हसू आणि रडू असं एकदम तिला कधी आलं नव्हतं.

फाटकापाशी मंडळी उभीच होती. त्यांच्यातला एक जाडजूड कंडक्टर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय ड्रायव्हरसाहेब, सुनेच्या जिवावर मजा आहे तुमची."

सुनेचा पारा चढला. खरं काय ते ती सांगणार, तेवढ्यात सासरेच म्हणाले, "आहेच मुळी. ही ओढते, मी बसतो."

सगळे हसले. कंडक्टरने हात देऊन त्यांना खाली उतरवलं. दोन पावलं टाकून सासरे थांबले आणि सुनेकडे वळून हळूच म्हणाले,

"दवाखान्यापाशी पडलेली चेन तेवढी बसवून घे. जाताना मी खरंच नुसता बसणार आहे."