शेवाळाची राखण

"शेवाळाला हात लावू नका म्हणून मॅडमनी बजावलं होतं ना!" सखूमामी ओरडली, तेव्हा कुठं गेनूमामाच्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर तळं साफ झालं होतं.

कारखान्याच्या सांडपाण्यातून तळ्यात शिसं आणि तांबं उतरलं, तेव्हापासून भोईवाडीची मासेमारी बंद होती. ते विष शोषून घ्यायला शहरातून आलेल्या संशोधक मॅडमनी मुद्दाम शेवाळ सोडलं होतं. पण जत्रेआधी देवीच्या तळ्यातलं शेवाळ काढायचं, हा भोयांचा पिढीजात रिवाज. हात आपोआप चालले. खोटं वाटेल, पण त्या शेवाळानं धातू असा हादडला होता, की एकेक झुबका उचलायला चार भोई लागले, आणि पाचवा नुसता कण्हायला.

मॅडम येताना दिसल्या, तसा मामा पिंपामागे दडला.

"मामा, बाहेर या. शेवाळ कुठं टाकलंत?"

"या पिंपांत भरलंय. देवीच्या काठावर घाण ठेवत नाही आम्ही." मामा चाचरला. "आता मासेमारी कायमची बुडाली का हो?"

मॅडम हसायलाच लागल्या. "अहो, हात लावू नका म्हटलं ते त्याचं पोट भरेपर्यंत! आता तेच काढायला मी माणसं शोधत होते. पोट भरलेलं शेवाळ पाण्यात कुजलं, तर सगळं विष परत ओकतं. आता नवं सोडू. असंच आणखी दोन-तीनदा काढा, पाणी तपासू, मग मासळीचं बी सोडू."

पुढच्या महिन्यात तळं पुन्हा हिरवं झालं. जन्मभर शेवाळाला शिव्या घालणारा गेनूमामा काठावर उभा राहून गुराख्यावर खेकसत होता, "ए, म्हैस आवर तुझी! पीक उभं आहे, दिसत नाही?"