त्रयस्थ

"त्या चुलीवरचं जेवलेला एक तरी त्रयस्थ माणूस पुढच्या तारखेला उभा करा," असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. ती तारीख उद्याची. म्हणून भाऊराव वकील काळा कोट घालून, भर उन्हात गावातलं एकेक दार वाजवत फिरत होते.

साल चौसष्ट. गाव जानेफळच्या पुढे दोन कोसांवर. सोजराबाईच्या अंगणात तिच्या नवऱ्यानं मरायच्या आधी गोबरगॅसची टाकी बांधली होती. दोन म्हशींच्या शेणावर बाईची चूल पेटायची. पंचायतीनं नोटीस धाडली: एकट्या बाईला एवढी टाकी कशाला? हा बिनपरवान्याचा कारखाना आहे, बंद करा. कारखान्याला परवाना लागतो, चुलीला लागत नाही. सगळा खटला त्या एका शब्दावर टांगलेला. मेहकरच्या वकिलांत विजेचे नि खांबांचे कायदे वाचणारे भाऊराव एकटेच, म्हणून कागद त्यांच्याकडे आले. बाररूममध्ये त्यांना आधी खांबवाले वकील म्हणत. आता शेणवाले म्हणू लागले होते.

गावात तिच्याकडे कुणी जेवलेलं नव्हतंच. टाकी फुटेल या धाकानं शेजारीण दारातही उभी राहत नसे. बाकीच्यांना शेणाच्या गॅसवर शिजलेल्या अन्नाची किळस वाटे. गवरीवरची भाकर चालते, तर गॅसवरची काऊन नाही, असं बाईनं साऱ्यांना विचारून पाहिलं होतं. मग तिनं विचारणंच सोडलं.

हात हलवत भाऊराव तिच्या ओसरीवर येऊन टेकले. दोन घास खाऊन जा, असं ती दर खेपेला म्हणे, तसं आजही म्हणाली. पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून खानावळीत भिंतीकडे तोंड करून जेवायचं, हाही नेमच झाला होता.

त्यांनी कोट काढून खुंटीला टांगला. वकीलपत्र सोडत असल्याचा कागद लिहिला, सही केली.

"बाई, आता मी तुमचा वकील नाही. वाढा."

"मंग कोन तुमी?"

"साक्षीदार."

"साक्षीदाराले ठेचा चालते का?" ती हसली आणि परात ओढून बसली.

निळी ज्योत आवाज न करता जळत होती. तिसरी भाकर तिनं न विचारता ताटात टाकली. खानावळीत तिसरी मागावी लागते.

"दोघाइच्या पिठाचा अंदाज अजून हातात हाये म्हना," ती परातीकडे पाहत पुटपुटली. भाऊराव मान खाली घालून जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेतली. त्या चुलीवर शिजलेलं आपण पोटभर जेवलो, असं सांगितलं. पंचायतीच्या वकिलांनी शेवटचा प्रश्न टाकला, "या बाईंशी तुमचं नातं काय?"

एकच उत्तर चूल वाचवणार होतं. आजवर शेकडो साक्षीदारांकडून भाऊरावांनी ते पाठ करून घेतलं होतं. सोजराबाई मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती.

"काही नाही," ते म्हणाले.

तासाभरात नोटीस रद्द झाली. चूल चूलच ठरली. आणि तीस वर्षांच्या वकिलीत भाऊराव पहिल्यांदाच कोर्टात खोटं बोलले होते.