कॅमेऱ्यामागची बाजू

घरच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरची नववी आवृत्ती चढली तशी केतकीने आईला, शालनताईंना, ओढत आणून टीव्हीसमोर बसवलं. अकरा वर्षांपूर्वी हा सर्व्हर नुसते व्हिडिओ साठवायचा, पुढे तो चेहरे ओळखायला लागला. आता भांड्यांवरची प्रतिबिंबं आणि खोलीतले पडसाद जुळवून तो कॅमेऱ्यामागची बाजूही दाखवणार होता.

"म्हणजे हे दिसतील?" शालनताईंनी विचारलं. घरातला प्रत्येक व्हिडिओ बाबांनी काढलेला, त्यामुळे ते स्वतः एकातही नव्हते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"दिसतील. आणि सगळ्यांची डोकी का कापायचे, तेही कळेल."

केतकीने स्वतःच्या बारशाचा व्हिडिओ लावला. पाळण्याभोवतीच्या बायकांची डोकी नेहमीसारखीच कापलेली होती. तिने बटण दाबलं आणि खोली उलटी फिरली.

समोर तिशीतले बाबा उभे होते. कॅमेरा छातीशी धरलेला, पण नजर पाळण्याकडे नव्हतीच. केतकीने चित्र त्यांच्या नजरेच्या रोखाने वळवलं. तिथे खिडकीपाशी शालन गजरा माळत होती.

शालनताईंनी केसांवरून हात फिरवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"आता सगळे लाव," त्या म्हणाल्या, "अगदी पहिल्यापासून."