जुन्या भिंगातली नजर

धाकटी लेक मनू तापाने गेली, त्याच वर्षी परशुरामने वडिलांच्या पेटी कॅमेऱ्याचं भिंग नव्या जपानी कॅमेऱ्याला बसवून घेतलं.

तेव्हापासून नौपाड्यातल्या त्याच्या स्टुडिओत फोटोला बसलेलं गिऱ्हाईक समोर बघायचं, पण धुतलेल्या फोटोत त्याची नजर कॅमेऱ्याशेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर वळलेली असायची. चेहऱ्यावर कौतुकाचं हसू.

ते फोटो बघून बायको शेवंती म्हणाली, “अहो, माझा काढा ना एक.”

“नको गं. सोसायचं नाही तुला.”

ती ऐकेना. स्टुलावर बसून थेट भिंगात बघत राहिली.

लाल दिव्याखाली कागदावर शेवंती उमटली. समोरच बघत होती. परशुरामला हायसं वाटलं.

मग त्याला तिचा पदर दिसला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि पदर खाली ताणलेला, टोकाशी बारक्या मुठीत धरल्यासारखा चुरगळलेला.