परवान्याची चावी

कंपनीत नवा संगणक आला. पगाराच्या प्रोग्रामची परवान्याची चावी संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय तो प्रोग्राम चालत नसे, आणि सगळ्या विभागांत मिळून चावी एकच. मार्तंडसाहेबांनी ती सासऱ्याची इस्टेट असल्यासारखी तिजोरीत कोंडली.

"साहेब, उद्या दिवाळीचा पगार हाय. चावी द्या ना," टायपिस्ट प्रेमिला म्हणाली.

"आणि कोणी नक्कल केली तर? जबाबदार मी!"

"मंग संगणक काहून आणला जी?"

साहेब हलले नाहीत. प्रेमिलानं रात्रीपर्यंत टाइपरायटर बडवून सगळ्यांची पगारपत्रकं काढली. साहेबांनी मुख्य कचेरीला अहवाल धाडला : चावीचा गैरवापर शून्य, संगणकामुळे पगार वेळेवर.

&nbsp;

पुढच्या महिन्यात प्रेमिलाचं टेबल रिकामं होतं. संगणक इतकं चोख काम करतो म्हटल्यावर साहेबांनी टाइपरायटर भंगारात काढला होता आणि टायपिस्टला घरी बसवलं होतं.