दुसरा कान

तार कानाच्या पाळीतून आरपार गेली तरी केराबाईंची पापणीसुद्धा हलली नाही.

“लई धीराची बाई हाय बघा,” तारेला वेढा देत शंकरप्पा सोनार म्हणाला. “परवा एका पैलवानाचा कान टोचला. गडी खुर्चीवरनं खाली!”

भवानी पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात सगळे हसले. विहीणबाई बजाबाई जरा जास्तच हसल्या. “आमच्या घरात अशीच माणसं पायजेत.” केराबाईंच्या मुलीचं आणि बजाबाईंच्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यासाठी केराबाईंना त्यांच्या भावानं कर्णफुलं केली होती, पण त्यांच्या कानांची भोकं केव्हाच बुजली होती.

त्याच भावाची मुलगी अंकिता हसली नाही. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तार आत शिरताना ती आत्याकडे बघत होती. धीर धरलेलं माणूस ओळखू येतं. त्याचा जबडा आवळतो, बोटं काहीतरी घट्ट धरतात. आत्याचा हात मांडीवर सैल पडला होता.

“आत्या, दुखलं का?”

“न्हाय की.”

“जरासुद्धा?”

“डास चावल्यागत पण न्हाय.”

अंकितानं शंकरप्पाच्या डबीतून चिमूटभर कापूस घेतला आणि पिळून त्याला टोक काढलं. “डोळे मीट. शिवलं की सांग.”

डाव्या कानाचा वरचा, गालाकडचा भाग. “व्हय.”

कानाच्या भोकाचं तोंड. केराबाईंना ठसका लागला. “अगं, खोकला काढतीस व्हय!”

मग पाळी. केराबाई गप्प. पाळीची मागची बाजू. गप्प. पुन्हा पाळी, दाबून.

“शिव की,” मिटल्या डोळ्यांनी केराबाई म्हणाल्या. “का थांबलीस?”

दुकानातलं हसू विरलं.

कान एकच, पण त्याला नसा निरनिराळ्या. गालाकडच्या भागाची चेहऱ्यातून येते. भोकातली तीच, जी खाली घशाला, छातीला जाते. म्हणून तिथं शिवलं की खोकला. पाळीची मात्र मानेतून वर चढते. अंकितानं आत्याची मान उजवीकडे वळवली. एरवी जिथं काही दिसत नाही तिथं कातडीखाली सुतळीएवढी जाड नस होती, तिरकी, कानाकडे गेलेली. बोटाखाली ती गोल सरकली. पाळीमागे फिकट चट्टा होता.

“हा डाग कधीचा?”

“शिबं हाय ते. दोन वरसं झाली, लिंबू चोळती.”

अंकितानं हात मागे घेतला. “चल आत्या, बाहेर बोलू.”

“का? हितं काय झालं?”

“घरी सांगते.”

“सगळ्यांदेखत मान पिरगाळलीस, आन् सांगायचं घरी?”

अंकितानं बजाबाईंकडे पाहिलं. आठ दिवस थांबलं तर नसेचं फार बिघडणार नव्हतं. लग्नाचं मात्र आत्ताच बिघडलं असतं.

“अंके, बोल.”

“कुष्ठरोग वाटतोय, आत्या. तपासून घ्यावं लागेल. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. पुरता बरा होतो.”

बजाबाईंचं स्टूल फरशीवर करकरत मागे सरकलं. शंकरप्पानं दुसरी तार ताटलीत टाकली आणि स्पिरिटच्या बोळ्यानं बोटं पुसू लागला. पुसलेलीच पुन्हा पुसू लागला.

“शिवल्यानं होत नाही,” अंकिता त्याला म्हणाली. “मी आत्ताच शिवले.”

केराबाईंनी मान वर केली. “रगतपिती म्हणत्यात, त्येच?”

“तेच.”

“विहीणबाई,” बजाबाई घसा साफ करत म्हणाल्या, “हे आदी म्हाईत असतं तर...”

“मला तरी कुटं म्हाईत हुतं?” केराबाई त्यांच्याकडे वळल्या. “मला कळलं तवाच तुमाला कळलं. एका घडीचं बी अंतर न्हाय. उद्या दवाखान्यात जाती. देतील त्या गोळ्या खाती. आन् माझ्या लेकीच्या लग्नात म्होरं बसती, मागल्या दाराला न्हाय. जमत नसंल तर हितंच न्हाय म्हणा. पावण्यांच्या हाती निरोप नगं.”

बजाबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. उठल्या मात्र नाहीत.

“शंकरप्पा, उजवा कान ऱ्हायलाय.”

“अक्का, मागनं बघू की. आज जरा...”

“एक कान घिऊन मांडवात जाऊ व्हय? तुमच्यानं हुत नसंल तर तार पोरीकडं द्या. ती टोचंल.”

अंकितानं तळहात पुढे केला. आयुष्यात तिनं कुणाचा कान टोचला नव्हता, पण हात मागे घेतला नाही. शंकरप्पानं त्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवर लावलेल्या वडिलांच्या फोटोकडे. तार त्यानं स्वतःच उचलली, स्पिरिटनं पुसली. “बाजूला हो,” तो पुटपुटला आणि केराबाईंची उजवी पाळी चिमटीत धरली.

“आई आई आई! मुडद्या, जीव घेतोस का!”

समोरचा बांगडीवाला उठून उभा राहिला. केराबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पाळीवर रक्ताचा थेंब फुगला, आणि त्या हसायला लागल्या. “दुखलं, अंके! दुखलं की गं!”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बजाबाईंचा हात सावकाश स्वतःच्या कानाकडे गेला. पाळी चिमटीत धरून त्यांनी नख रुतवलं.

केराबाईंनी ते बरोबर पाहिलं.

“काय विहीणबाई,” पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, “दुखतंय न्हवं?”