ढाक्याची ऑर्डर

मँचेस्टरच्या एका कंपनीसाठी मालविका परदेशातून शाळेचे शर्ट शिवून मागवायची. ब्रिटनमध्ये भारतातून येणाऱ्या कपड्यांवरची आयात ड्यूटी उठली आणि बॉसनं ढाक्याची ऑर्डर इचलकरंजीला द्यायला सांगितली. ढाक्याच्या कारखानदार रेहानाआपांना तिनंच फोन केला.

"आमच्या शिलाईत काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, आपा. नियम बदललाय. भारतातला माल आता स्वस्त पडतो."

पलीकडे मशिनी चालूच होत्या. "बरं," म्हणून आपांनी फोन ठेवला.

मग तिनं इचलकरंजीचे कारखानदार मगदूम यांना बातमी दिली. ते हरखून गेले. "मॅडम, उद्याच नवी शेड बांधायला काढतो! बायका कधीच्या काम मागतायत."

मालविकाला ढाक्याच्या मशिनींचा आवाज आठवला.

"बांधू नका," ती म्हणाली. "सध्या भाड्यानं घ्या. नियम परत बदलू शकतो."